न दुखणारे पाय

संपादकांनी विषय प्रश्नाच्या रूपातच दिला: मधुमेहात मेलेल्या नसा पुन्हा जिवंत होतात का? वणी-राजूर पट्ट्यातले रुग्ण मला हेच विचारतात, म्हणून लिहायला होकार दिला. पण लोकांना एका शब्दात उत्तर हवं असतं आणि तसं ते देता येत नाही.

कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी नस जवळजवळ मीटरभर लांब. तिची पेशी वर मणक्याजवळ असते, सगळी रसद तिथून खाली पोचायची. शुगर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की ही ने-आण मंदावते, नसेला रक्त देणाऱ्या केशवाहिन्या जाडावतात आणि सगळ्यात लांबचं टोक आधी सुकतं. म्हणून मुंग्या बोटांपासून सुरू होतात आणि मोजा चढवावा तशा वर सरकतात. जळजळ आणि गरम-थंड सांगणारे बारीक तंतू चिडलेले असतात तोवर रात्री तळपाय पेटतात. ते मेले की सगळं शांत होतं.

ही शांतता मला घोर लावते. गेल्या उन्हाळ्यात राजूरच्या चुनाभट्टीवर काम करणारे एक काका आले. ‘‘आता पाय जळत नाही जी, इंजेक्शनं लागू पडली,’’ म्हणाले. चेहरा खुललेला. चप्पल काढायला लावली, तर अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढं कुरूप, कडेला काळपट, दाबलं की आतून पू. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला वाकेपर्यंत टेकवला. त्यांना तो कुठेच कळला नाही. ट्यूनिंग फोर्कचा कंप अंगठ्यावर नाही, घोट्यावर नाही, थेट गुडघ्यावर जाणवला. अशा पायांनी ते कळीच्या चुन्याजवळ दिवसभर वावरत होते.

ती इंजेक्शनं बी-१२ची होती. यावर मी जरा जास्तच बोलतो असं सहकारी म्हणतात, पण बोलायलाच हवं. बी-१२ कमी असेल तर नसा बिघडतात, हे खरं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ आतड्यातून कमी शोषलं जातं, हेही खरं. अशा रुग्णाची पातळी तपासून ते दिलंच पाहिजे, मी देतो. पण पातळी नीट असताना ‘नसांचं टॉनिक’ म्हणून लाल सुया टोचल्याने मधुमेहाने सुकलेले तंतू उगवतात, याला भक्कम पुरावा नाही. प्रीगाबालिनसारख्या गोळ्या वेदना कमी करतात; नस दुरुस्त करत नाहीत. मग जळजळ थांबली की गुण औषधाला आणि नस मेल्याची खबर कोणालाच नाही.

याच्या उलटही घडतं. फार चढलेली शुगर इन्सुलिनने झपाट्याने खाली आणली, तर काहींच्या पायांची आग उलट भडकते. ती बहुधा काही महिन्यांत ओसरते, पण तेवढ्यात ‘इन्सुलिनने पाय बिघडवले’ म्हणून रुग्ण ते बंद करून बसतो. वेदना हे नसेच्या तब्येतीचं माप नव्हे, हे कितीदा सांगितलं तरी पटत नाही.

मग सुधारणा होते का? सुरुवातीच्या टप्प्यात काही प्रमाणात होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत आहार-व्यायामाने त्वचेतले बारीक तंतू थोडे परत उगवलेले दिसले आहेत. टाइप १ मध्ये काटेकोर नियंत्रणाने नसांचा आजार सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, हे १९९३च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. टाइप २ मध्ये हा फायदा बराच तोकडा आहे. पूर्ण बधिर झालेला तळवा मात्र परत जागा झालेला मी पाहिलेला नाही.

पण तो पाय वाचवता येतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांत हेच दाखवलं: बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून जखमेवर जखम होत जाते. कुष्ठरुग्णांचं आनंदवन आपल्या शेजारी वरोऱ्याला आहे. बधिर पाय रोज बघावा लागतो, त्याला मऊ रबराची चप्पल लागते, हे या भागाला मी नव्याने सांगायला नको होतं. काकांचं कुरूप कापून काढलं, पायावरचा भार काढला, अँटिबायोटिक दिलं. जखम भरायला पावसाळा उजाडला. अंगठा राहिला.

शुगर दाखवायला जाल तेव्हा रिपोर्टाच्या आधी चप्पल काढा आणि तळवे पुढे करा. डॉक्टरांनी पाय पाहिले नाहीत तर ‘‘पाय बघा’’ म्हणून सांगा. आमच्यापैकी कोणाला राग आला तरी चालेल.