गाडीचा मिजाज

माझ्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात टर्बो इंजिनाची जुनी गाडी घेतली. नाशिकच्या पोरांना वेगाचे वेड नवे नाही. रॅली ऑफ महाराष्ट्रसारखी स्पर्धा याच परिसरात झालेली आहे. पण आमच्या घरात प्रश्न वेगळा होता. आपाला दर महिन्याला डोळ्यांच्या उपचारासाठी मुंबईला न्यावे लागते आणि परतताना कसारा घाट चढावा लागतो. मार्चमध्ये गंगापूर रोडवरच, संध्याकाळच्या गर्दीत, अशोक स्तंभापासून जेहान सर्कलपर्यंत येईतो गाडीचा काटा वर सरकू लागला. सपाट रस्त्यावर ही गत, मग घाटात काय?

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. यंत्रांशी संबंध मिक्सरपुरता. तरी भाच्याबरोबर गॅरेजवर गेले आणि मेस्त्रीला विचारून विचारून भंडावले.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा गाडी ओढायला कामी येतो. बरीचशी धुरावाटे जाते आणि उरलेली मुख्यतः रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. ताकदीच्या गाडीला जोर लावला की पेट्रोल जास्त जळते, म्हणून हा बोजाही वाढतो. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो. सिग्नलवर सगळी भिस्त पंख्यावर. घाटात तर वेग कमी आणि जोर पुरा.

गाडी खोलल्यावर कारणे दिसली. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले असावे. चहाच्या किटलीत बसतो तसला पांढरा थर आत होता. आणि भाच्याने हौसेने लावलेले मोठे दिवे नेमके वाऱ्याच्या वाटेत. ते काढायला सांगितले तर म्हणतो, “खाला, मग गाडीत राहिलं काय?” मी म्हटले, “तुझी अम्मी.”

रेडिएटर साफ झाला, थर्मोस्टॅट बदलला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि विषारी, म्हणून उरलेला डबा मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये.

झाकणाची गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत हवी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. इथे उघड्या पातेल्यातले पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरमध्ये दाब असल्यामुळे कूलंट 120 अंशांच्या घरात जाईपर्यंत उकळत नाही. अगदी आपला प्रेशर कुकर. वाफ जिरल्याशिवाय कुकर कोणी उघडत नाही, पण रस्त्यात गाडी तापली की भलेभले फडके घेऊन झाकण फिरवायला धावतात आणि तोंड-हात भाजून घेतात. काटा लाल खुणेकडे निघाला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण चालू करावा, सुरक्षित जागा बघून थांबावे, इंजिन बंद करावे. अर्धा तास तरी झाकणाला हात लावू नये. तापल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर ॲल्युमिनियमचे हेड तडकू शकते. तो खर्च शिक्षकाच्या पगारात बसणारा नाही.

मेमध्ये आपाला घेऊन दोघे मुंबईला जाऊन आले. घाटात काटा मधोमध राहिला. वर इगतपुरीला चहासाठी थांबले तेव्हा भाच्याने टर्बो निवावा म्हणून मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवले, मग बंद केले. तरीही पंखा घरघरत होता. आपा म्हणाली, “अरे, पंखा चालूच राहिला, बॅटरी उतरेल!”