तिरप्या उन्हाचा मुलूख

जर्मनीत कोब्लेंझहून ट्रिअरकडे जाणारी गाडी कोकेम सोडते आणि चार किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते. मोझेल नदी मात्र डोंगराला वळसे घालत वीसहून अधिक किलोमीटर रमतगमत येते. बोगद्यापलीकडे एलर गाव आणि त्याच्या डोक्यावर काल्मोंटचा कडा.

द्राक्षबाग म्हटली की आम्हा नाशिककरांना मांडवाखालची सावली आठवते. इथे ६५ अंशांपर्यंतच्या उतारावर प्रत्येक वेल आपापल्या खांबाला बांधलेली. वाट कसली, शिड्या आणि लोखंडी दोर! ट्रॅक्टरचा प्रश्नच नाही. सगळी कामं हाताने, आणि ओझं वाहायला एकाच रुळावर चढणारी छोटी गाडी. ऑक्टोबर होता. सावलीत स्वेटर लागत होता, पण वेलींमध्ये पसरलेल्या काळ्या पाटीच्या दगडाच्या चिपेवर हात ठेवला तर ती तव्यासारखी तापलेली.

सगळी गोम या तापण्यात आहे. हा भाग ५० अक्षांशांवर, नाशिक २० वर. इथलं तिरपं ऊन सपाट जमिनीवर पसरून विरळ होतं. दक्षिणेकडे तोंड केलेल्या चढावर मात्र ते थेट पडतं. दिवसा दगड ऊब साठवतो, रात्री वेलींना देतो. नदीच्या पाण्यावरून परतणारा उजेडही वाया जात नाही. आयफेल आणि हुन्सरूकचे डोंगर गार वारे अडवतात. बागेचं तोंड दक्षिणेकडे हवं, म्हणून नदी वळली की चांगल्या बागाही काठ बदलतात. पुढे वेलेन गावच्या बागेत तर १८४२ सालचं सूर्यघड्याळच उभं आहे. वाटेतल्या किल्ल्यांपेक्षा मला तेच जास्त आवडलं.

आपल्याकडे वेलीला खरा हिवाळा मिळत नाही, म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या. इथे ती हिवाळाभर निष्पर्ण झोपते. रीसलिंग जातीच्या द्राक्षांचे घड सावकाश पिकतात आणि गार रात्रींमुळे त्यांतला आंबटपणा टिकतो. तो नसता तर इथली गोड वाइन नुसतं सरबत ठरली असती.

आता ऊन वाढतंय. आइसवाइनसाठी द्राक्षं वेलीवरच उणे ७ अंशांत गोठावी लागतात. २०१९च्या हंगामात जर्मनीच्या कुठल्याही वाइन-प्रदेशात तेवढी थंडी पडली नाही, आणि त्या साली आइसवाइन झालीच नाही.