बेलूरची दर्पणसुंदरी आणि आपला आरसा

हासनहून साधारण चाळीस किलोमीटरवर, यगची नदीच्या काठी बेलूर आहे. बेळगाव-धारवाड भागातून दक्षिणेच्या सहलीला निघालेली कुटुंबे शृंगेरी, चिकमगळूर करता करता येथे हमखास थांबतात. होयसळ राजा विष्णुवर्धन याने इ.स. १११७ मध्ये उभारलेले येथील चेन्नकेशवाचे देऊळ २०२३ साली हळेबीड व सोमनाथपूर येथील देवळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

देवळाच्या छज्जाखाली चाळीसेक मदनिका तिरक्या बसवलेल्या आहेत. कन्नडमध्ये त्यांना 'शिलाबालिके' म्हणतात. कुणी नाचते आहे, कुणी पोपटाशी बोलते आहे. पण सगळ्यांना पाहायची असते ती दर्पणसुंदरी. हातात गोल आरसा धरून ती स्वतःला न्याहाळते आहे. राणी शांतलेला डोळ्यांपुढे ठेवून ती घडवली, असे तेथे सांगितले जाते.

आणि तिच्याच खाली आजची गर्दी तिच्याकडे पाठ करून, हात लांब करून, मोबाइलच्या आरशात पाहत उभी असते! फोटो निघतो, लगेच तपासला जातो. "शी, नाक केवढे आले आहे," म्हणून कॉलेजातली मुलगी तो पुसून टाकते. दुसरा, तिसरा, दहावा. आई हसून सोडून देते. पण त्या वयात चेहऱ्याविषयी मनात बसलेली गोष्ट सहजी निघत नाही.

खरे तर दोष नाकाचा नसतो, अंतराचा असतो. भिंग चेहऱ्याजवळ आले की जवळचे नाक मोठे आणि दूरचे कान लहान दिसतात. सेल्फी पाहून नाकाची शस्त्रक्रिया मागणारे लोक येऊ लागले, तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली याचा हिशोब मांडला. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा फूटभर अंतरावरच्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते!

दुसरी गंमत उजव्या-डाव्याची. जन्मभर आपण स्वतःला आरशात, म्हणजे उलटे पाहतो. जग आपल्याला सुलटे पाहते. १९७७ साली अमेरिकेतच झालेल्या एका प्रयोगात मुलींना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो अधिक आवडला, तर त्यांच्या मैत्रिणींना सुलटा. ज्याची सवय, ते सुंदर. म्हणून 'मी फोटोत चांगली येत नाही' ही तक्रार बहुधा फक्त आपलीच असते, घरच्यांची नव्हे.

बेलूरच्या शिल्पकारांची रीत मात्र वेगळी. बळ्ळिगावीहून आलेला दासोज, त्याचा मुलगा चावण, अशी नावे त्यांनी मूर्तींखाली कोरून ठेवली. आपले काम ओळखले जावे एवढी हौस त्यांनाही होती. चेहरे कसे होते, कुणाला ठाऊक नाही. हात कसे होते, ते नऊशे वर्षे दिसते आहे.

आपल्या दोन भाषांतही आरसा आहेच. मराठी म्हणते, हातच्या कांकणाला आरसा कशाला? कन्नड म्हणते, 'अंगै हुण्णिगे कन्नडि बेके?' तळहातावरच्या जखमेला आरसा हवाच कशाला? एकीला हातात दागिना दिसला, दुसरीला जखम. आपल्या घरात दोन्ही म्हणी नांदतात, तेव्हा फोटो पाहून हिरमुसलेल्या मुलीला कोणती आठवून द्यायची, हे आईने ठरवावे.

बेलूरला शक्यतो सकाळी लवकर जा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी पाय भाजते. आधी मान वर करून मदनिका निवांत पाहा. मग मोबाइल आजोबांच्या हाती द्या, त्यांना पाच-सहा पावले मागे जायला सांगा आणि सगळे एकत्र उभे राहा. नाके जागच्या जागी येतील, आणि मागे देऊळही दिसेल.