पाच टक्क्यांचा मोह

माझी नणंद न्यू जर्सीत असते. फोनवर ती कौतुकाने सांगायची, "वहिनी, माझ्या डिस्कव्हर कार्डावर ५ टक्के परताव्याचे प्रकार दर तिमाहीला बदलतात. कधी किराणा, कधी पेट्रोल, कधी हॉटेल. आधी नोंद करायची, मग १,५०० डॉलरच्या खरेदीवर ७५ डॉलर परत!"

मलाही हुरूप आला. आपल्याकडे असे फिरते प्रकार सहसा नसतात, पण सणासुदीला सवलती असतातच. होसकोट्यातल्या आमच्या घरी मी सवलतींची यादी फ्रिजवर लावली. हे हसून म्हणाले, "पहाटेची बिर्याणी खायलाही आता कार्डाला विचारायचं का?"

दिवाळीत ३०,००० ची खरेदी झाली. त्यातल्या ८,००० वर ४०० रुपये परत, म्हणून मी खुशीत! बिल आले तेव्हा हात आखडलेला. ह्यांना न सांगता 'किमान देय रक्कम' तेवढी भरली. पुढच्या बिलात व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून १,२०० च्या वर! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हे तेव्हा कळले.

रडतच ह्यांना सांगितले. हे रागावले नाहीत. "पैसे गेले ते जाऊ दे, पण लपवलंस का?" एवढेच म्हणाले. तेच जास्त लागले.

परतावा मिळतो एकदाच. साडेतीन टक्क्यांच्या आसपासचे व्याज मात्र दर महिन्याला, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आता फ्रिजवरच्या यादीत सर्वांत वर लिहिले आहे: पूर्ण बिल, वेळेवर. तेव्हा मैत्रिणींनो, आधी सामानाची यादी करा, मगच कार्ड काढा.