उत्तरेला कोणता ध्रुव?

बालमित्रांनो, आज तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. शिक्षकही चुकतात बरं का!

मी बुलढाणा जिल्ह्यात, लोणार सरोवराजवळच्या एका खेड्यात शिकवतो. एकदा सहावीच्या वर्गात मी पट्टीचुंबक दोऱ्याने टांगला. तो थोडा डुलला आणि दक्षिणोत्तर स्थिर झाला. "उत्तरेकडे राहतो तो चुंबकाचा उत्तर ध्रुव," मी सांगितलं. मग फळ्यावर लिहिलं, सजातीय ध्रुव एकमेकांना दूर लोटतात, विजातीय जवळ ओढतात.

मागची एक मुलगी उठली. "पण गुर्जी, तिकडं तं पृथ्वीचा उत्तर ध्रुव हाय. मंग चुंबकाच्या उत्तर ध्रुवानं दूर पळालं पाह्यजे. तो तिकडंच कसा जाते?"

मला उत्तर येत नव्हतं आणि तसं म्हणायची लाज वाटली. "पुस्तकात आहे तेवढं लिही. बस खाली!" मी म्हणालो. सगळा वर्ग हसला. ती मुकाट्याने बसली. पुढे पंधरा दिवस तिचा हात वर आला नाही. ते मला फार लागलं.

मग मी पुस्तकं धुंडाळली आणि थक्क झालो. प्रश्न अगदी बरोबर होता! पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० सालीच मांडलं होतं. पण या चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे उत्तरेकडे! म्हणून तर तो सुईचं उत्तर टोक ओढून घेतो. ते टोक उत्तर दाखवतं, म्हणून आपण त्याला उत्तर ध्रुव म्हणतो, एवढंच.

हे कायमचं असंच असतं का? नाही. पृथ्वीच्या पोटात सुमारे २,९०० किलोमीटर खाली वितळलेलं लोखंड घुसळत असतं. त्यातून हे चुंबकत्व येतं आणि कधीकधी ध्रुवांची अदलाबदल होते. अशी शेवटची मोठी अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली.

याचा पुरावा आपल्या पायाखाली आहे. आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळची दिशा धरून ठेवली. दख्खनच्या पुष्कळ थरांत ती आजच्या उलट आहे. लोणारचं विवर याच दगडात उल्का आदळून झालंय. चुंबक नाल्याच्या वाळूत फिरवा, काळे कण चिकटतील. त्यांत हे मॅग्नेटाइटही असतं.

आणि आकाशात? गुरू ग्रहावर होकायंत्राचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळेल! सूर्याचे चुंबकीय ध्रुव तर साधारण दर ११ वर्षांनी उलटतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं. उगाच रागावलो. चूक माझी होती." आणि सगळं समजावून दिलं.

वर्ग शांत झाला. मागून हळूच हात वर आला. "मंग गुर्जी, आता ध्रुव पुन्हा कधी उलटतीन?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "अजून कोणालाच नक्की सांगता येत नाही."

या वेळी मला मुळीच लाज वाटली नाही. तुम्हांलाही प्रश्न पडला, तर हात खाली ठेवू नका हं!