आत येणारं वजा बाहेर जाणारं

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, बॅग टाकली आणि थेट माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकपाशी. बघतो तर काय! खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ, आणि बटणांसारखे दिसणारे माझे झोअँथिड त्याखाली गुदमरलेले. टूथब्रशने घासलं, हाताने उपटलं. चार दिवसांत पुन्हा हजर!

शेवटी टेस्ट किट काढलं. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही चढलेले. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अरे, तू नाहीस, मासे उपाशी राहायला नकोत म्हणून जरा जास्तच घालायचो." वाफ होऊन कमी झालेलं पाणीही ते नळाचंच भरत होते. रागवणार तरी कोणावर?

मास बॅलन्स आठवला: आत येणारं वजा बाहेर जाणारं, उरतं ते साठतं. शेवाळ त्या साठ्यावरच जगतं. नुसतं उपटून काय होणार? खाणं निम्मं केलं, पाणी आरओचं, दिवे फक्त आठ तास, आणि दर रविवारी दहा टक्के पाणी बदलायचं. मी होस्टेलला परतलो, पुढचं सगळं बाबांनी केलं. शेवाळ जायला दोन महिने लागले. निम्मे झोअँथिड वाचले, निम्मे गेले.

आता फोनवर बाबा आधी फॉस्फेटचा आकडा सांगतात. मग हळूच विचारतात, "तू जेवलास ना?"