कोरडवाहू चव

फक्त चांगलं जेवायचं म्हणून कुठे जावं, हे आमच्या मागच्या पिढीला पटलं नसतं. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सोनपेठहून माणूस निघायचा तो लग्नकार्याला, दवाखान्याला, परळीच्या वैजनाथाला, नाहीतर आषाढीला पंढरपूरला. आता माझी भाची नेदरलँड्समध्ये नोकरी करते. तिनं गेल्या उन्हाळ्यात शनिवार-रविवार जोडून ग्रीसचं सांतोरिनी बेट गाठलं, तेही मुद्दाम तिथलं खाण्यासाठी आणि तिथली वाइन चाखण्यासाठी. समुद्र, पांढरी घरं आणि सूर्यास्त यांचे फोटो तिनं पाठवले. ते सगळेच पाठवतात. पण फोनवर ती जे बोलली, ते मला जास्त मोलाचं वाटलं. म्हणाली, “मामा, इथल्या जुन्या मळ्यांत द्राक्षाच्या वेलीला पाणी देतच नाहीत. आपल्या ज्वारीसारखं.”

मी मग त्या बेटाविषयी मिळेल ते वाचत गेलो. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकात बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि उरलेल्या कडेवर राखेचे, हलक्या सच्छिद्र दगडाचे थर साचले. उन्हाळाभर तिथं पाऊस जवळजवळ नाही आणि वारा असा की मांडवावर चढवलेली वेल टिकायची नाही. म्हणून तिथला शेतकरी वेलीच्या काड्या गोल गोल विणून जमिनीलगत टोपली करतो आणि द्राक्षं त्या टोपलीच्या पोटात धरतात. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा तो सच्छिद्र दगड शोषून घेतो, दिवसा तीच ओल मुळांना मिळते. मातीत चिकणमाती फार कमी, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या द्राक्षमळ्यांची मुळं खाणारी फायलोक्सेरा ही कीड तिथं जगू शकली नाही. आसिर्तिको नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन त्या बेटाचं नाव राखून आहे. टोमॅटोही तिथं असेच बिनपाण्याचे, आकारानं लहान आणि चवीला दाट. भाचीला सगळ्यांत आवडला तो फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घोटलेलं वरण, वरून ऑलिव्हचं तेल आणि कांदा. ती डाळ आपल्या लाखेच्याच कुळातली.

सोनपेठच्या मातीचं मूळही ज्वालामुखीतच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा काळा पाषाण झाला आणि तो झिजून झिजून ही काळी कसदार जमीन तयार झाली. वाण नदीच्या काठानं चाललं की हे उघड दिसतं. मात्र तिचा स्वभाव सांतोरिनीच्या अगदी उलटा. तिथं चिकणमाती जवळजवळ नाही, इथं ती भरपूर. उन्हाळ्यात आमच्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिला पाऊस त्या भेगांतून खोल उतरतो, मग माती फुगते आणि पाणी पोटात धरून बसते. पावसाळा सरता सरता ज्वारी पेरायची. त्यानंतर तिला आभाळातून फारसं काही मिळत नाही. खालची धरलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर ती पुरुषभर उंच होते आणि कणसात दाणा भरते. पावसाविना चव तयार करण्याची ही विद्या त्या बेटावरच्या शेतकऱ्याला आणि आमच्या आजोबा-पणजोबांना आपापल्या परीनं साधली होती. ऑलिव्हच्या तेलाच्या जागी आमच्याकडे करडई आहे, तीही ज्वारीच्या शेजारी, त्याच ओलीवर वाढणारी.

आणि खाण्यासाठी म्हणून रानात जाण्याचा आमचा एक दिवसही आहे. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे येळवस. लातूर-धाराशिवचा हा मोठा सण. सीमेपलीकडे कर्नाटकातही तो आहे, आणि लातूर-बीडला लागून असलेल्या आमच्या भागातही. त्या दिवशी सगळं घर रानात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पाच पांडव म्हणून चुना-काव लावलेले दगड मांडतात आणि पूजा होते. मग जेवण.

त्या जेवणावर मी थांबणार आहे, कारण त्याचं वर्णन नेहमी घाईत उरकलं जातं. त्यातली भज्जी ही एका भाजीची गोष्टच नाही. ओल्या तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाल, पावटा, शेंगदाणे, मेथी, चाकवत, हिरवी चिंच, जे जे त्या आठवड्यात रानात आणि परसात तयार आहे ते ते ताकात बेसन कालवून शिजवायचं, वर लसणाची फोडणी. दोन घरांची भज्जी सारखी लागत नाही, कारण दोन घरांची रानं सारखी नसतात. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर. आणि अंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मातीच्या मडक्यात दोन-तीन दिवस आंबायला ठेवतात. लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. मडक्याला कापड गुंडाळून ते डोक्यावरून रानात नेतात. अंबील आंबट असते, गार असते, थोडी तुरट असते, आणि ज्या ज्वारीची ती केली तिची चव आंबल्यानंतर लपण्याऐवजी अधिक खुलते. भाचीला त्या बेटावरच्या वाइनमध्ये मातीची चव लागली, असं ती म्हणाली, आणि ते मला लगेच पटलं, कारण ती चव मी अंबिलीत लहानपणापासून ओळखतो. पोटभर अंबील पिऊन ज्वारीच्या सावलीत डोळा लागतो, त्या झोपेसारखी झोप मला दुसरीकडे कुठेही लागलेली नाही.

या जेवणाला आमंत्रण लागत नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक येते, “या, भज्जी-भाकर खाऊन जावा.” नकार देता येत नाही. ज्याला शेत नाही तोही त्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवतो. उरलेली अंबील आणि भज्जी पिकावर शिंपडत रानाला फेरी मारतात, म्हणजे ज्या मातीनं खायला दिलं तिलाही घास. सणाची ही बाजू मला सगळ्यांत थोर वाटते.

पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मला बेचैन करते आहे. कोप उभी राहते, पण सभोवती ज्वारी नसते. खरिपात सोयाबीन, त्यामागून हरभरा, आणि जिथं पाणी आहे तिथं ऊस. गोदावरीवर खडक्याचा बंधारा आहे, साईखेड्याला साखर कारखाना आहे. शेतकऱ्यानं पैशाचं पीक घेतलं तर त्याला नाव ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. ज्वारी परवडत नाही याची कारणं खरी आहेत. काढणीला माणसं मिळत नाहीत. पाखरांपासून राखायला घरात कुणी रिकामं नाही. चार शेतकऱ्यांनी सोडली की पाचव्याच्या रानावर सगळ्या शिवाराची पाखरं उतरतात, मग तोही सोडतो. बैल कमी झाले तसं कडब्याला घरचं गिऱ्हाईक राहिलं नाही. आता कोपीचा कडबा दुसऱ्याच्या शिवारातून आणायचा आणि अंबिलीचं पीठ दुकानातून, अशी येळवस मी पाहिली आहे. माणसं तीच होती, हाकही तीच होती. अंबील मात्र कुठल्याही गावची असावी तशी लागली.

सांतोरिनीकडे पाहून कुणी म्हणेल, पर्यटन आणा, पैसा येईल, पीक वाचेल. मला हे अर्धंच खरं वाटतं. तिथल्या वाइनला नाव आहे, भाव आहे, म्हणून टोपलीसारखी वेल विणणारे हात अजून उरले आहेत. पण त्याच पर्यटकांसाठी हॉटेलं आणि बंगले उभे राहिले आणि द्राक्षमळ्यांची जमीन बांधकामाखाली गेली. चव दाखवण्यासाठी बांधलेल्या खोल्या चव देणारी माती खातात. आपल्याकडेही पुणे-संभाजीनगरच्या रस्त्यांवर थंडीत हुरडा पार्टीचे फलक लागतात. आगटीत भाजलेला, हातावर चोळून दिलेला गरम हुरडा शहरातल्या मुलांनी खावा, त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळावेत, हे चांगलंच आहे. मात्र कणसं दुसऱ्या जिल्ह्यातून टेम्पोनं आली असतील, तर त्या ठिकाणी जाऊन खाण्याला अर्थ उरत नाही.

नावाला भाव मिळू शकतो, हे आपल्याकडेही सिद्ध झालं आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि 2024 मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीला, लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्ती कोथिंबिरीलाही ते मिळालं. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा ज्वारीवर भाषणं पुष्कळ झाली. भाषणांनी पेरा वाढत नाही. घेणारा वाढला तर वाढतो. शहरात राहणाऱ्या सोनपेठकरांनी वर्षाची ज्वारी गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याकडून, पेरणीआधी सांगून, ठरलेल्या भावानं घेतली तरी पुष्कळ होईल. ज्यांची रानं आहेत त्यांनी सगळं वावर ज्वारीखाली आणावं असं मी म्हणणार नाही. पण बांधाला लागून चार-सहा काकऱ्या तरी पेराव्यात, आणि शेजाऱ्यांनी मिळून एकाच पट्ट्यात पेराव्यात, म्हणजे राखणही वाटून घेता येईल. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोती, परभणी सुपर मोती हे रब्बी ज्वारीचे वाण दिले आहेत. पेरणीचा काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बियाण्याची सोय त्याआधी करून ठेवा.